पातेरा जाळू नका, वही ठेवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांतून पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी आणि तयार घरटी वाटल्याच्या बातम्या येऊ लागतात. २० मार्चच्या जागतिक चिमणी दिनाला त्या सुरू होतात आणि पाऊस पडेपर्यंत चालतात. हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या मोहिमा शहरातल्या गॅलऱ्यांसाठी आखलेल्या असतात आणि जशाच्या तशा कोकणातल्या वाडीवस्तीवर येऊन पोचतात. ज्या घराला परडं (घरामागची परसबाग) आहे, जांभ्या दगडाचा गडगा (कुंपणाची भिंत) आहे, बारमाही विहीर आहे, मागे आंबा-फणस-रातांबा आहे, त्या घराच्या मालकाने प्लॅस्टिकचं घरटं टांगायचं आणि त्याच आठवड्यात परड्यातला सगळा पातेरा, म्हणजे गळलेला पालापाचोळा, झाडून पेटवून द्यायचा, असं गावोगाव चाललं आहे. पक्षी आणि इतर जीव पाहण्याची, राखण्याची हौस गावातही वाढते आहे. ती योग्य वाटेने जावी म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

पहिला मुद्दा पातेऱ्याचा. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला दक्षिण भारत व श्रीलंकेकडून नवरंग पक्षी कोकणात विणीसाठी येतो. पाठ हिरवी, पोट बदामी, शेपटीखाली लाल, डोळ्यावरून काळा पट्टा, खांद्यावर चमकदार निळा डाग आणि शेपूट अगदी आखूड. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. याचं सगळं जेवण जमिनीवर असतं. चोचीने एकेक पान उलटायचं, खालचं गांडूळ, किडा, वाळवी टिपायची आणि दोन उड्या पुढे जाऊन पुन्हा तेच. पातेरा नसेल तर उलटायला पान नाही आणि पानाखाली ओलावा नाही, म्हणून गांडूळही नाही. केशरी डोक्याचा कस्तूर, सातभाई, दयाळ हे सगळे याच थराचे गिऱ्हाईक. मार्च-एप्रिलमध्ये परडं जाळून लख्ख केलं की जूनमध्ये तिथे नवरंग उतरत नाही, उतरला तरी थांबत नाही. भाताच्या तरव्यासाठी (रोपांच्या वाफ्यासाठी) करायची भाजावळ, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजणं, हा वेगळा विषय आहे, ती ठरावीक जागेपुरती असते. इथे बोलतो आहे ते निव्वळ स्वच्छतेच्या नावाखाली लावलेल्या काडीबद्दल, जी पुष्कळदा हाताबाहेर जाऊन शेजारच्या सड्यावर (उघड्या कातळी माळावर) वणवा होते.

यावर लगेच येणारा प्रश्न सापाचा, आणि तो रास्त आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं किती आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून घराभोवती दोन पट्टे मानावेत. भिंतीपासून दहा-पंधरा फुटांचा पट्टा चोख ठेवायचा: पातेरा नाही, विटा-चिऱ्यांचा ढीग नाही, शेणी आणि सरपण भिंतीला टेकवून नाही. सरपण फूटभर उंचीच्या मांडवावर, घरापासून सुटं रचावं. या पट्ट्याच्या पलीकडे पातेरा झाडांच्या बुंध्याशी ओढून तसाच ठेवावा. आंब्याच्या आळ्यात तो चार-सहा बोटं जाड राहिला की ओल टिकते आणि पावसाळ्यानंतर त्याची मातीच होते. आळ्यात हात घालायची वेळ आली तर आधी काठीने पातेरा हलवायचा, पायात बूट, रात्री हातात बॅटरी. फुरशाचा दंश बहुतेक वेळा हात किंवा पाय न पाहता टाकल्यामुळे होतो. अंगाचं वेटोळं करून खवले एकमेकांवर घासल्याचा खरखर आवाज करून ते आधी इशाराही देतं.

साप ओळखण्यात एक गल्लत फार होते, ती इथेच सांगतो. मण्यार आणि कवड्या. दोघांच्याही अंगावर आडवे पांढरे पट्टे. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून थोड्या अंतरावर सुरू होतात, शेपटीकडे स्पष्ट होत जातात आणि बरेचदा जोडीजोडीने असतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात. कवड्या बिनविषारी आहे, भिंतीवर चढून पाली खातो. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्याला चावते आणि दंशाची वेदना इतकी कमी असते की कळतही नाही. तेव्हा पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावं. आणि ही ओळख लांबून पाहण्यापुरती आहे. साप घरात शिरला असेल तर पकडायला जाऊ नये, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. दंश झाल्यास बांधाबांध, चिरा, मंत्र यांत वेळ न घालवता तो अवयव न हलवता सरकारी रुग्णालय गाठावं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नसते.

आता पाण्याचं. गावात पक्ष्यांना पाणी मिळत नाही असं नाही, पण एप्रिल-मेमध्ये ओढे आटले की उथळ पाणी मिळत नाही. विहीर खोल, हौद खोल, बादली खोल. चिमणी-बुलबुलाला लागतं दोन बोटं पाणी. भांडं पसरट हवं, मध्ये फार तर दोन इंच खोल आणि कडेला उतरतं. चकचकीत चिनीमाती किंवा स्टीलवर नखं घसरतात, पत्र्याचं भांडं उन्हात तापतं, म्हणून खडबडीत मातीची ताटली किंवा सिमेंटचं ताट. गुरांसाठीची जुनी दगडी डोण परड्यात पडून असेल तर तिच्यात चिऱ्याचे दोन तुकडे टाकून पाणी उथळ करावं, त्याहून चांगलं भांडं विकत मिळत नाही. जागा सावलीत. झुडपाला अगदी चिकटून ठेवलं तर मांजर दबा धरून बसतं आणि पार उघड्यावर ठेवलं तर शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याच्या भीतीने पक्षी येत नाहीत. सहा ते दहा फुटांवर एखादी आडवी फांदी असलेली जागा उत्तम. पाणी रोज ओतून टाकायचं आणि काथ्याने किंवा ब्रशने घासायचं. नुसती भर घालत राहिलं की तळाशी शेवाळ आणि विष्ठा साचते, एका आजारी पक्ष्याचा रोग सगळ्यांना लागतो, आणि आठ-दहा दिवसांत डासांची पिढी बाहेर पडते. आठवड्यातून एकदा पाणी घालू म्हणणाऱ्याने भांडं न ठेवलेलं बरं.

साचलेल्या पाण्यापेक्षा टपकणाऱ्या पाण्याला पक्षी जास्त येतात. जुन्या मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती कापडाची वात घट्ट बसवायची आणि ते फांदीला टांगायचं. थेंब ताटलीत पडत राहतो, त्या आवाजावर नाचण, सुभग, माशीमार असे एरवी झाडावरून खाली न उतरणारे पक्षीही येतात. मोरीचं पाणी अळू-केळीकडे सोडण्याची आपली जुनी पद्धत याच कारणाने चांगली. साबणाचा मारा कमी असेल तर त्या चिखलात ढोकरी, पाणकोंबडी, धोबी हमखास दिसतात. पावसाळ्याच्या तोंडावर बेडूकही तिथेच.

उघड्या विहिरी आणि सिमेंटचे हौद हा मात्र सापळा आहे, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. खार, मुंगूस, उदमांजर, घोरपड, कधी कोल्हासुद्धा पाण्यासाठी वाकून आत पडतात. पोहता येऊनही गुळगुळीत भिंतीवर चढता येत नाही, आणि दमून मरतात. मग विहिरीचं पाणी उपसावं लागतं. हौदात वीतभर रुंदीची, काथ्या गुंडाळलेली फळी तिरकी सोडावी. उतार जितका कमी तितका बरा, ४५ अंशांच्या वर नको. वरचं टोक काठाला पक्कं बांधायचं आणि खालचं टोक पाणी तळाशी गेलं तरी पाण्यात राहील इतकं लांब ठेवायचं. विहिरीत जाडजूड काथ्याचा दोर, हात-हात अंतरावर गाठी मारून. सापांसाठी फांद्यांचे खुंट तसेच ठेवलेला एखादा बांबू. दर पावसाळ्याअखेर दोर बदलायचा, कारण कुजलेला दोर नसल्यासारखाच. आणि विहिरीला तीन-साडेतीन फूट कठडा, हे माणसांसाठीही.

घरट्यांच्या पेट्यांबद्दल थोडं परखड लिहायला हवं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्या पाहणाऱ्याच्या डोळ्याला बऱ्या दिसाव्यात म्हणून केलेल्या असतात. चिमणीच्या पेटीचं भोक सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर. ते पावणेदोन-दोन इंच झालं की साळुंकी आत शिरते आणि चिमणीला हाकलते. भोकाखाली दांडी नको. चिमणीला तिची गरज नाही, तिचा उपयोग होतो कावळ्याला बसून आत चोच घालायला. आतली जागा साधारण पाच इंच लांब-रुंद, भोक तळापासून पाच-सहा इंच वर, म्हणजे पिल्लू आधीच बाहेर पडत नाही. फळी पाऊण इंची, आतून रंग नाही, तळाला पाणी निघायला चार लहान छिद्रं, आणि साफसफाईसाठी झाकण उघडतं हवं. पेटी पश्चिमेच्या भिंतीवर लावली तर एप्रिलच्या उन्हात पिल्लं भाजून निघतात. पूर्व किंवा उत्तर, पागोळीच्या आत, नऊ-दहा फूट उंच. एवढं करूनही चिमणी राहीलच असं नाही, कारण पिल्लांना पहिल्या दिवसांत लागतात किडे-अळ्या. परड्यात तणनाशक मारलं असेल तर पेटीचा काही उपयोग नाही. दाण्यांच्या बाबतीत पाव, फरसाण, मीठ-तेलाचा शिळा भात अजिबात नको. बाजरी, राळा, कण्या चालतील, मूठभर, तासाभरात संपतील इतक्याच. नव्याच्या पौर्णिमेला दाराला बांधलेल्या भाताच्या लोंब्या चिमण्या खातात. त्या काढून न टाकता राहू द्याव्यात.

पेटीपेक्षा कितीतरी मोलाची गोष्ट परड्यात फुकट असते, ती म्हणजे वाळलेली फांदी. तांबट आणि सुतार स्वतःचं बीळ वाळक्या, मऊ पडलेल्या लाकडात कोरतात. पांगारा आणि शेवग्याचं लाकूड त्यांना विशेष सोपं. त्यांनी सोडलेल्या बिळात पुढच्या वर्षी दयाळ, साळुंकी, पोपट राहतात, मोठ्या ढोलीत पिंगळा. धनेशाची तर सगळी वीण जुन्या झाडाच्या ढोलीवर अवलंबून. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांना भरवतो. हा काळ साधारण जानेवारी ते मे. म्हणजे नेमका आपल्याकडे झाडं तोडण्याचा. परड्यातला जुना आंबा, बेहडा, सातवीण विकायची असेल तर आधी महिनाभर ढोलीखाली पाहावं. ढोलीच्या बरोबर खाली पडलेल्या बिया आणि विष्ठेचा ओघळ दिसला तर आत कुणीतरी आहे. वीज वाहिनीवर किंवा घरावर येणारी फांदी जरूर तोडा, बाकीची राहू द्या. उंबर, वड, काजरा ही झाडं निरुपयोगी म्हणून जातात. उंबराला फळं धरली की धनेश, हरियाल, हळद्या, बुलबुल, रात्री उदमांजर आणि वटवाघळं एकाच झाडावर पाहायला मिळतात. हरियाल हा आपला राज्यपक्षी, पण हिरव्या पानांत तो इतका बेमालूम बसतो की वर्षानुवर्षं त्या झाडाखालून जाणाऱ्यालाही ठाऊक नसतो.

घुबडाबद्दल न लिहिता पुढे जाता येणार नाही. पडक्या मांगरात (शेतघरात), देवळाच्या शिखरात, विहिरीच्या कपारीत राहणारं गव्हाणी घुबड अशुभ मानून दगड मारून हुसकावलं जातं. त्या घुबडाने काय खाल्लं याचा लेखी पुरावा ते रोज खाली टाकत असतं. सावज ते बहुधा गिळूनच टाकतं आणि न पचलेली हाडं-केस यांचा गोळा तोंडावाटे ओकतं. अंगठ्याएवढा, ताजा असताना काळा आणि वार्निश लावल्यासारखा चमकणारा. हातमोजे घालून किंवा काठीने तो उचलावा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावा आणि चिमट्याने सोडवावा. आत आख्खी कवटी मिळते. पुढे दोन लांब, बाकदार, पिवळट-नारिंगी दात, मग मोकळी जागा आणि मागे दाढा, अशी कवटी असेल तर उंदीर. लांबट, चिंचोळी कवटी आणि एकाला एक लागून टोकदार पांढरे दात असतील तर चिचुंद्री. चोच दिसली तर पक्षी. कवट्या मोजून कागदावर चिकटवल्या, तारीख घातली की शाळेतल्या मुलांसाठी याच्याइतका चांगला प्रयोग नाही, आणि भाताच्या कोठारापाशी घुबड का हवं हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हात मात्र साबणाने धुवायचे.

याच घुबडाला सर्वांत मोठा धोका उंदराच्या औषधाचा. ब्रोमॅडिओलोनसारख्या गोळ्यांनी उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठण्याची क्रिया बंद पडून काही दिवसांत मरतो, आणि तोवर सुस्तावून उघड्यावर फिरतो. असा उंदीर पकडायला सोपा, म्हणून घुबड, धामण, रानमांजर तोच उचलतात आणि विष त्यांच्या पोटात जातं. घरात उंदीर झाले असतील तर पिंजरे लावा, कणगीचे पाय जमिनीपासून उचला आणि पायांना उलटे पत्र्याचे डबे बसवा. विष वापरलंच तर मेलेले उंदीर रोज सकाळी शोधून खोल पुरणं, एवढं तरी बंधन पाळावं.

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे येतो. दुर्बिणीची जाहिरात पाहून लोक दहा-बारा पटींची घेतात आणि हाताच्या कंपाने काहीच दिसत नाही म्हणून ती कपाटात जाते. परड्यासाठी ८×३२ किंवा ८×४२ पुरे. आठ म्हणजे पटी, दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. झाडीतल्या अंधूक उजेडात ४२ ची चांगली, वजनाला ३२ ची हलकी. ती आपल्या डोळ्याला लावून घ्यावी लागते, हे दुकानदार सांगत नाही. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करायचं. मग डावा डोळा मिटून, मधलं चाक न हलवता, उजव्या नळीवरच्या कड्याने उजव्याचं स्पष्ट करायचं. हे कडं पुन्हा हलवायचं नाही. चष्मा असेल तर डोळ्यांजवळची रबरी कडी आत दुमडून घ्यायची. पक्षी शोधताना दुर्बीण फिरवत बसू नये. नुसत्या डोळ्यांनी पक्ष्यावर नजर रोखायची आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची. दुर्बीण नसेल तरी काही अडत नाही. गावातल्या घराजवळचे निम्म्याहून अधिक पक्षी आवाजाने आणि वागण्याने ओळखता येतात.

ओळखताना रंगापासून सुरुवात केली की फसगत होते. आधी आकार: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा. मग चोच, शेपटी, बसण्याची ढब, जमिनीवर चालतो की उड्या मारतो. रंग सर्वांत शेवटी. नेहमीची गल्लत पावशा आणि चातकाची. "पेर्ते व्हा" म्हणणारा पावशा राखाडी, शिक्र्यासारखा दिसणारा, डोळ्याभोवती पिवळं कडं. चातक काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी, आणि तो आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. दोघेही आपली अंडी दुसऱ्यांच्या, विशेषतः सातभाईंच्या घरट्यात घालतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सातभाईंच्या थव्यामागे एखादं वेगळंच, मोठं पिल्लू चिरकत फिरताना दिसतं. तांबूस ठिपक्यांची कोकिळा आणि काळाभोर कोकीळ हे एकाच जातीची मादी-नर आहेत, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

आणि वही. सगळ्यात जास्त आग्रह हिचा. मोबाइलमध्ये फोटोंचे ढीग साठतात, पण पाच वर्षांनी परड्यात काय बदललं हे फोटो सांगत नाहीत. रोज एकाच ठिकाणी, एकाच वेळी, सूर्योदयानंतर पंधरा मिनिटं बसावं. जागा आणि वेळ बदलत राहिली की आकड्यांची तुलना होत नाही. नोंद अशी: तारीख, वेळ, हवा, पक्षी, संख्या, पाहिला की ऐकला, कुठे आणि काय करत होता. "नवरंग १, आवळ्याखाली पातेऱ्यात, पाने उलटत होता, रात्री पाऊस झाला होता" एवढं पुरे. नाव माहीत नसेल तर गावात म्हणतात ते नाव लिहावं, तेही नसेल तर वर्णन. अंदाजाने नाव ठोकून देऊ नये, कारण एक चुकीची नोंद पुढच्या दहा खऱ्या नोंदींवरचा विश्वास घालवते. थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजून त्या तुकड्याचा आकार डोळ्यांत धरायचा आणि तेवढे तुकडे किती ते मोजायचं. एकच पक्षी चार वेळा येऊन गेला तर तो एकच. आणि ज्या दिवशी काही दिसलं नाही, त्या दिवशी "काही नाही" असं लिहायचं. चिमण्या कोणत्या वर्षी गेल्या हे अशा कोऱ्या ओळींवरूनच कळतं.

रात्रीचे पाहुणे पाहायला कॅमेरा ट्रॅपच (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) हवा असं नाही. परड्याच्या वाटेवर हातभर लांबी-रुंदीचा चौकोन चाळलेल्या मातीने संध्याकाळी सारखा करायचा आणि उजाडताच पाहायचं. नखांच्या खुणा नसलेला गोल, चार बोटांचा ठसा मांजरकुळातला, नखं उमटलेला लांबट ठसा कुत्रा-कोल्ह्याचा. पाच बोटं उमटली तर मुंगूस किंवा उदमांजर. बिननखांचा ठसा सात-आठ सेंटीमीटर रुंद असेल तर बिबट्या. मग घाबरून गर्दी जमवण्याऐवजी कुत्री आणि शेळ्या रात्री बंद खोपटात घ्यायच्या, मुलांना अंधारात एकटं सोडायचं नाही आणि १९२६ वर कळवायचं. कॅमेरा लावलाच तर गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेपासून दहा-बारा फुटांवर, तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिमेला लावला तर सूर्य भिंगात येतो. समोरचं गवत कापलं नाही तर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांचेच शेकडो फोटो निघतात आणि बॅटरी संपते.

घराजवळच्या साध्या पाहण्यातून काय निघू शकतं, याचा दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे. १९३० साली पक्षितज्ज्ञ डॉ. सालीम अली यांच्याकडे नोकरी नव्हती. अलिबागजवळ किहीमला ते राहत होते आणि त्या पावसाळ्यात त्यांनी घराजवळची सुगरणींची घरटी दिवसेंदिवस बसून पाहिली. कोणता नर, कोणतं घरटं, किती विणून झालं, मादी केव्हा आली, हे सगळं लिहून. त्यातून दिसलं की घरटं नर विणतो. ते अर्धवट असताना माद्या येऊन तपासतात, पसंत पडलं तर ताबा घेतात, आणि एक मादी अंड्यांवर बसली की तोच नर दुसरं घरटं विणायला घेतो. पुढच्या वर्षी हा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. ही घरटी आजही आपल्या विहिरींवरच्या फांद्यांना आणि माडाच्या झापांना लोंबताना दिसतात. ऑक्टोबरनंतर रिकामी झालेली समजून ती दिवाणखान्यात टांगायला तोडू नयेत. काही घरट्यांत उशिराची पिल्लं असतात.

घरट्यांचे फोटो हा हल्लीचा नवा त्रास आहे. फोटो नीट यावा म्हणून आडवी येणारी पानं तोडली जातात, आणि त्या उघड्या जागेतून दुसऱ्याच दिवशी कावळा किंवा भारद्वाज अंडी उचलतो. घरटं लांबून, आडोशाने, थोडाच वेळ पाहावं. पक्षी चोचीत किडा धरून फांदीवर घुटमळत असेल, घरट्यात जात नसेल, तर त्याला अडवणारे आपणच आहोत असं समजून मागे व्हावं. खाली पडलेलं पिल्लू सापडलं तर आधी नीट पाहावं. पिसं आलेली असतील, उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतं आहे. आई-बाप जवळच असतात, फक्त मांजरापासून वाचेल अशा फांदीवर ठेवावं. पिसं नसलेलं, डोळे मिटलेलं असेल तर घरट्यात परत ठेवावं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात हा गैरसमज आहे. ते घरात आणून दूध-भात भरवणं म्हणजे त्याला मारणंच, शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार रानपक्षी पाळणं गुन्हा आहे. पिंजऱ्यातला पोपटसुद्धा त्यात आला.

मृगाच्या आसपास नवरंग आणि तिबोटी खंड्या रात्रीचा प्रवास करून येतात आणि दिव्याला भुलून किंवा काचेवर आपटून घरात, पडवीत पडलेले सापडतात. अशा वेळी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापड घालून, अंधारात, शांत जागी तास-दोन तास ठेवावं. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनळीत जातं. सावरला की झाडीच्या कडेला सोडावा, पंख लोंबत असेल तर वनविभागाला कळवावं. मुळात अपघात टाळायचे तर नव्या बंगल्यांच्या आरसेदार काचांवर बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा पट्ट्या लावाव्यात. एकच घारीचं चित्र चिकटवून काही होत नाही. अंगणातले पांढरे दिवे रात्रभर जळू नयेत. दिव्याला किडे, किड्यांना बेडूक, बेडकांना साप, अशी ती रांग दारापर्यंत येते. आणि मे-जूनमध्ये काजवे पाहायचे असतील तर अंधार लागतोच.

संपादक महोदय, राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालीम अलींचा जन्मदिवस. त्या आठवड्यात आपण पुरवण्या काढता, त्या वाचनीय असतात. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या परसातल्या पक्षीगणनेच्याही बातम्या आता येऊ लागल्या आहेत. पण कोकणातल्या घराभोवतीचा सगळ्यात भरगच्च काळ मेच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंतचा, आणि तेव्हा पानात पक्ष्यांसाठी जागा नसते. एक विनंती अशी की, २० मे ते ३० जून या काळात रोज पावसाच्या आकड्यांशेजारी चार-पाच ओळींची जागा द्यावी. त्यात वाचकांनी गावाचं नाव, तारीख आणि फक्त एवढंच कळवावं: पहिला नवरंग केव्हा ऐकला, पहिला चातक केव्हा दिसला, काजवे केव्हा पेटले, सुगरणीने पहिला धागा केव्हा बांधला. फोटोची अट नको, ती घातली की फक्त मोठा कॅमेरा असणारेच कळवतील. ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं छापावं. शंकास्पद नोंद छापण्यापूर्वी जिल्ह्यातल्या एखाद्या जाणत्या पक्षीअभ्यासकाकडून तपासून घ्यावी. पावसाच्या आकड्यांप्रमाणे वर्षाअखेर या तारखांचा तालुकावार तक्ता छापला तर पुढच्या वर्षी ताडून पाहायला तो शाळांना आणि शेतकऱ्यांनाही उपयोगी पडेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक
संगमेश्वर तालुका, जि. रत्नागिरी